नव्वद म्हणजे कुठले नव्वद?

कॉम्प्युटरवरच्या नेमबाजीच्या गेममध्ये बंदुकीचा स्कोप, म्हणजे दुर्बीण, उघडला की माझी गोळी डोक्याच्या पुढं जायची. समोरचा उजवीकडं चालला असेल तर उजवीकडून, डावीकडं चालला असेल तर डावीकडून. हात थोडासाच जास्त जायचा, पण प्रत्येक वेळी तेवढाच. काउंटर-स्ट्राइक २ या गेममध्ये एके, म्हणजे बिनस्कोपची रायफल, घेऊन खेळताना हे होत नव्हतं. एडब्ल्यूपी, म्हणजे स्कोपवाली रायफल, घेतली की हमखास. माझा धाकटा आतेभाऊ कागलहून इथं कोल्हापुरात शिकायला आलाय, तो मागं खुर्ची टाकून बसतो आणि प्रत्येक चुकलेल्या गोळीला म्हणतो, "दादा, घसरला की गा!"

मी दिवसभर शिवाजी उद्यमनगरात एका छोट्या शॉपमध्ये व्हीएमसीवर, म्हणजे धातू कापणाऱ्या मशीनवर, असतो. रात्री राजारामपुरीतल्या घरी जेवण झालं की दोन तास गेम. वीस मायक्रॉनवरून पार्टीशी भांडणाऱ्या माणसाला 'थोडासा जास्त' हा शब्द सहन होत नाही. किती जास्त? का जास्त? तिथून हे सगळं सुरू झालं आणि त्यात पावसाळ्याचे दोन महिने गेले.

त्याच सुमारास आमची टोळी तीन गेममध्ये विभागली होती. मी आणि दोन मित्र काउंटर-स्ट्राइकवाले, आतेभावाचं कॉलेज व्हॅलोरंटवालं, आणि शनिवारी सगळे मिळून रेनबो सिक्स सीज. प्रत्येक गेममध्ये हात वेगळा लागायचा. म्हणून आधी मी सगळे करतात तेच केलं: गिरकी जुळवली. जागेवर उभं राहून पूर्ण ३६० अंश फिरायला माउस किती सेंटिमीटर सरकवावा लागतो, ते माप तिन्हीकडं एकच करायचं.

हिशेब सोपा आहे. काउंटर-स्ट्राइकमध्ये सेन्सिटिव्हिटी, म्हणजे माउस हलवल्यावर नजर किती वळावी तो आकडा, १ असेल तर माउसच्या एका काउंटला, म्हणजे त्यानं मोजलेल्या एका बारीक पावलाला, नजर ०.०२२ अंश वळते. माउस ८०० डीपीआयवर असेल तर एक इंचाला ८०० काउंट. म्हणजे गिरकीला १६,३६४ काउंट, म्हणजे साधारण ५२ सेंटिमीटर. मी १.२ वर खेळतो, म्हणून माझी गिरकी ४३.३ सेंटिमीटरची. व्हॅलोरंटमध्ये एका काउंटला ०.०७ अंश, म्हणून काउंटर-स्ट्राइकच्या आकड्याला ३.१८ नं भागायचं. माझं उत्तर आलं ०.३७७. सीजमध्ये मी आकड्यांच्या भानगडीत पडलोच नाही, सरळ स्टीलची पट्टी लावली. भिंतीवरच्या एका खुणेपासून निघून परत त्याच खुणेवर येईपर्यंत माउस ४३.३ सेंटिमीटर सरकला पाहिजे. पॅड ४५ चं, त्यामुळं गिरकी जेमतेम मावली.

झालं, जुळलं. आणि खेळायला बसलो तर काहीच जुळलेलं नाही! सीजमध्ये तर चिखलातून हात ओढावा तसं. माप बरोबर आहे, तीनदा घेतलंय, तरी नेम धरताना क्रॉसहेअर, म्हणजे स्क्रीनच्या मधली नेमाची खूण, मागं राहतोय. आतेभाऊ म्हणाला, "दादा, सवयीचा भाग आहे, महिनाभर खेळ." मित्र म्हणाले, विंडोजमधलं माउसचं अॅक्सिलरेशन बंद कर. ते बंदच होतं, आणि काउंटर-स्ट्राइक २ तर माउसकडून थेट आकडे घेतो, विंडोजला मध्ये घेतच नाही. मला दोन्ही पटलं नाही. जॉब, म्हणजे मशीनवर केलेला तुकडा, बसत नसेल तर 'महिनाभर ठोक, बसेल' असं आपण म्हणतो का?

उत्तर सापडलं ते शॉपमध्ये, लाईट गेल्यावर. जुलैमधली संध्याकाळ, बाहेर धो धो पाऊस, मशीन अर्ध्या कटात थांबलेलं. आण्णा, म्हणजे आमचे जुने फिटर, बॅटरी घेऊन पॅनेलकडं निघाले होते. त्यांनी हात फिरवला तसा पत्र्याच्या भिंतीवरचा उजेड समोरून कोपऱ्याकडं पळाला. समोर असताना तो सावकाश सरकत होता, कोपऱ्याकडं जाताना सुसाट सुटला. आण्णांचा हात मात्र एकाच चालीनं फिरत होता.

टेपर, म्हणजे तिरपा उतार, लावून आयुष्य काढलेल्या माणसाला यात नवीन काही नाही. भिंतीपासून एक मीटरवर उभे राहा आणि बॅटरी समोरून १० अंश वळवा, उजेड साडेसतरा सेंटिमीटर सरकतो. तीच बॅटरी ५० अंशांवरून ६० वर न्या, पुन्हा दहाच अंश, पण उजेड ५४ सेंटिमीटर पळतो. तिप्पट. हा त्रिकोणमितीतल्या टॅनचा खेळ आहे. गेमची स्क्रीन म्हणजे ती पत्र्याची भिंत. आत गोल फिरणारी नजर आहे आणि ती सपाट पत्र्यावर दाखवायची आहे. माउस अंश मोजतो, डोळा पत्र्यावरचं अंतर मोजतो, आणि मी अंश जुळवून अंतर जुळल्याची वाट बघत बसलो होतो.

मग महत्त्वाचं काय, तर भिंत किती लांब आहे. फील्ड ऑफ व्ह्यू, आम्ही एफओव्ही म्हणतो, हा कोन रुंद केला की भिंत जवळ येते आणि सगळं बारीक दिसतं. अरुंद केला की भिंत लांब जाते आणि सगळं मोठं दिसतं. स्कोप म्हणजे भिंत एकदम मागं ढकलणं. हे अंतर पिक्सेलमध्ये काढता येतं: स्क्रीनची अर्धी उंची भागिले उभ्या कोनाच्या अर्ध्याचा टॅन. माझी स्क्रीन १९२० बाय १०८०, अर्धी उंची ५४०. शॉपमधला कॅल्सी घेऊन मी जॉबकार्डाच्या मागं मांडायला बसलो, आणि पहिल्याच ओळीत माझा गाढवपणा सापडला.

काउंटर-स्ट्राइकचा एफओव्ही ९०. म्हणून मी सीजमध्येही स्लायडर ९० वर ठेवला होता, मनात हे की दोन्हीकडं ९०, जुळलं. पण काउंटर-स्ट्राइकचे ९० हे जुन्या ४:३ स्क्रीनवरचे आडवे ९० आहेत. आजच्या १६:९ स्क्रीनवर ते आडवे १०६.२६ होतात आणि उभे ७३.७४. सीजचा स्लायडर उभा कोन दाखवतो. तिथले ९० म्हणजे आडवे १२१! व्हॅलोरंट आडवे १०३ देतो आणि ते बदलू देत नाही. एकच आकडा, दोन गेम, दोन अर्थ. ड्रॉइंगवर डायमीटर लिहिलाय की रेडियस हे न बघता टूल लावल्यासारखं झालं हे. शॉपमध्ये असं केलं असतं तर आण्णांनी पाणउतारा केला असता.

मांडून आलं ते असं. काउंटर-स्ट्राइकची भिंत ७२० पिक्सेलवर, व्हॅलोरंटची ७६४ वर, माझ्या सीजची ५४० वर. म्हणजे गिरकी सारखी ठेवली, तर हाताच्या तेवढ्याच हालचालीला सीजमध्ये स्क्रीनच्या मधोमधची चाल काउंटर-स्ट्राइकच्या पाऊणपट. तो चिखल म्हणजे हा पाव हिस्सा! तो भरून काढायचा तर सीजची गिरकी ४३.३ वरून साडेबत्तीसवर आणावी लागते. मग नेमाची चाल जुळते, पण मागं वळताना हात लवकर फिरतो. दोन्ही एकदम जुळवणारा आकडा नाही. भिंतीचं अंतर वेगळं असेल तोवर तो असूच शकत नाही. हे एकदा कागदावर बघितलं आणि डोक्याचा अर्धा ताप गेला, कारण तोवर मला वाटत होतं की कुठंतरी बरोबर आकडा आहे आणि फक्त मला तो माहीत नाही.

आता एडब्ल्यूपी. पहिल्या झूमला काउंटर-स्ट्राइक ९० चा कोन ४० करतो, पुन्हा ४:३ च्या हिशेबानं. ४५ चा टॅन १, २० चा टॅन ०.३६४. म्हणजे भिंत ७२० वरून १,९७८ पिक्सेलवर गेली आणि मधोमध तीच चाल हवी असेल तर माउस ०.३६४ पट हळू व्हायला पाहिजे. पण झूमच्या सेन्सिटिव्हिटीचा गुणक मूळच्या १ वर असेल तर गेम कोनांचाच सरळ भागाकार घेतो: ४० भागिले ९०, म्हणजे ०.४४४. भाग दिला तर १.२२. माझा स्कोप मधोमध बावीस टक्के जास्त पळत होता. हाच तो 'थोडासा'. उपाय उलटा भागाकार, ०.८१९. मी तो गुणक तिथं टाकला आणि बॉटवर, म्हणजे गेम स्वतः चालवतो त्या खेळाडूंवर, पन्नास गोळ्या मारल्या. घसरणं थांबलं. सगळ्या गोळ्या लागल्या असं नाही, पण चुकल्या त्या आता दोन्ही बाजूंना चुकल्या. ज्यानं सेटिंग केलंय त्याला कळेल की हा फरक किती मोठा आहे.

आतेभाऊ मात्र त्यावर बसला आणि दोन मिनिटांत उठला. "दादा, हे आखूड झालं. कडेचा माणूस गाठत नाही."

आधी मी त्याला हसलो. मग मांडून बघितलं तर तो खरं बोलत होता. गुणक १ असताना एक गोष्ट तंतोतंत जुळते: मधल्या क्रॉसहेअरपासून ४:३ स्क्रीनच्या कडेपर्यंत, माझ्या स्क्रीनवर ७२० पिक्सेलपर्यंत, जायला स्कोपमध्ये आणि स्कोपबाहेर हात सारखाच सरकतो. स्कोपबाहेर ती कड ४५ अंशांवर असते, स्कोपमध्ये २० वर, आणि ४५ ला २० म्हणजेच ९० ला ४०. म्हणजे मूळ सेटिंग चुकीचं नव्हतं. ते कडेवर जुळवलेलं होतं आणि मी मधोमध जुळवायला बघत होतो. आतेभाऊ स्कोप उघडून झटका मारणारा, त्याला कड सांभाळायची आहे. मी एक कोपरा धरून बसणारा, मला समोरचा माणूस दोन बोटं हलला तर तेवढंच हलायचं आहे. कॉल ऑफ ड्यूटीमध्ये हा बिंदू कुठं ठेवायचा ते स्वतः ठरवता येतं. तिथं गुणांक ० म्हणजे मधोमध, १.३३ म्हणजे ४:३ ची कड, १.७८ म्हणजे १६:९ ची कड. काउंटर-स्ट्राइकमध्ये एकच गुणक दोन्ही झूमला लागतो. दुसऱ्या झूमचा कोन १०, त्याला माझ्या हिशेबानं ०.७८७ पाहिजे. मी तो नाद सोडला. दुसरा झूम मी वापरतो तरी कधी!

एवढं सगळं समजल्यावर मी जरा माजलो. आतेभावाच्या कॉम्प्युटरवर माझे सगळे आकडे जसेच्या तसे टाकले. डीपीआय ८००, सेन्सिटिव्हिटी १.२, त्याच आकाराची स्क्रीन. आणि त्याच्या टेबलावर बसून मीच खेळलो तर हात जड. टॅन नाही, भिंत नाही, गेमही तोच. एका आठवड्यात मी चार वेळा हिशेब तपासला.

शेवटी हे आण्णांना सांगितलं. गेम म्हणजे काय ते त्यांना माहीत नाही, पण तक्रार त्यांना लगेच कळली. "जॉब मोजायच्या आधी व्हर्निअर झिरोला येतोय का बघतोस न्हवं? मग ह्या उंदराला का न्हाईस बघितलंस?"

सोमवारी आमच्या शॉपला सुट्टी असते. मित्राचा लॅपटॉप घेतला, दोन्ही माउस घेतले आणि मागच्या दारानं आत गेलो. सरफेस प्लेटवर, म्हणजे मोजमापाच्या एकदम सपाट पाट्यावर, माउसपॅड अंथरलं. एका बाजूला पॅरलल लावून कुंपण केलं, म्हणजे माउस वाकडा जायला नको. शेवटी एक ठोकळा स्टॉपर म्हणून. मग स्लिप गेजच्या, म्हणजे अचूक मापाच्या ठोकळ्यांच्या, डबीतून नव्वदची आणि दहाची स्लिप काढून एकमेकींना चिकटवली, शंभर मिलिमीटर झाले. ती स्टॉपरला टेकवायची, माउस तिला टेकवायचा, स्लिप अलगद उचलायची आणि माउस स्टॉपरला लागेपर्यंत ढकलायचा. माउस बरोबर शंभर मिलिमीटर चालतो, पट्टीवर डोळा बारीक करायची गरज नाही. काउंटर-स्ट्राइकमध्ये सेन्सिटिव्हिटी १ केली, एकट्याचा सराव चालू केला. कन्सोलमध्ये गेटपॉस लिहिलं की आपण कुठं उभे आहोत आणि नजर किती अंशावर आहे ते आकड्यात येतं. आधीचा अंश, नंतरचा अंश, वजाबाकी.

८०० डीपीआयचा माउस शंभर मिलिमीटरला ३,१५० काउंट देतो, म्हणजे नजर ६९.३ अंश वळायला पाहिजे. माझा माउस दहा वेळा ढकलला, सरासरी ७२.१. आतेभावाचा दहा वेळा, ६६.९. प्रत्येक माउस स्वतःशी प्रामाणिक होता, दहा वाचनांत दोन-तीन दशांशांचा फरक. पण माझे ८०० म्हणजे खरे ८३२ आणि त्याचे ८०० म्हणजे ७७२. दोघांत जवळजवळ आठ टक्के! व्हॅलोरंटच्या आणि काउंटर-स्ट्राइकच्या भिंतीत सहा टक्क्यांचा फरक आहे, आणि त्यावरून आम्ही दोघं आठवडाभर जेवताना भांडलो होतो. आत्या फोनवर विचारायची, तुमचं दोघांचं काय बिनसलंय का?

आणि माझी जी ४३.३ ची गिरकी मी अभिमानानं सगळ्यांना सांगत होतो, ती मुळात ४१.६ ची होती. हे मला पट्टीवर आधीच दिसायला हवं होतं. पण काउंटर-स्ट्राइकची गिरकी मी कधी मोजलीच नव्हती, ती कागदावर काढली होती. मोजली फक्त सीजची. म्हणजे त्या चिखलात थोडा वाटा याचाही होता. कंपन्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, सेन्सरमध्ये एवढा फरक चालतो असं धरूनच चालावं. माझा राग माझ्यावरच, की ज्या माणसाला कामाच्या पहिल्या दिवशी 'आधी माप तपास' हे शिकवलं, त्यानं डबीवरचा आकडा खरा धरला.

आतेभावाची सेन्सिटिव्हिटी मग १.२९ केली आणि त्याच्या टेबलावर माझा हात बसला. त्याचा स्वतःचा मात्र नाही, कारण तो स्क्रीन ४:३ करून ताणतो. १२८० बाय ९६० चं चित्र ओढून पूर्ण स्क्रीनभर. त्याच्याकडं माणसं तालमीतल्या पैलवानांसारखी रुंद दिसतात, आणि म्हणून नेम सोपा जातो असं त्याचं म्हणणं. भिंतीच्या हिशेबात ते असं पडतं: उभ्या दिशेला भिंत ७२० वरच, आडव्या दिशेला ९६०. एकाच स्क्रीनवर दोन भिंती. हात सरळ तिरका नेला तरी क्रॉसहेअर आडवा जास्त पळतो. मी त्याला कागदावर काढून दाखवलं की तुझं आडवं आणि उभं कुठल्याच आकड्यानं जुळणार नाही. त्यानं कागद बघितला, मान डोलावली आणि पुढच्या राउंडला चार जण मारले. मी कागद घडी करून खिशात ठेवला.

सध्या माझ्याकडं असं आहे. काउंटर-स्ट्राइक १.२, झूम ०.८१९. सीजमध्ये मी सेन्सिटिव्हिटीशी भांडणंच सोडलं आणि स्लायडर ९० वरून ७४ वर आणला. तिथं भिंत ७१७ पिक्सेलवर येते, काउंटर-स्ट्राइकच्या इतकी जवळ की गिरकी आणि नेम दोन्ही एकाच आकड्यात बसतात. त्यापायी बाजूनं येणारा दिसत नाही. गेल्या शनिवारी एकाच जिन्याखाली तीनदा मेलो, तिन्ही वेळा डावीकडून. व्हॅलोरंटचा कोन हलत नाही, तिथं नेम धरला आणि गिरकी सोडली, ०.३५६.

आतेभाऊ आता नवीन माउस घेणार म्हणतो, आणि दुकानातून आणल्या आणल्या आधी शॉपमध्ये नेऊन मोजायचा असं त्यानंच ठरवलंय. पण त्या सोमवारी मी स्लिप उघड्या हातानं उचलल्या होत्या आणि पुसून तेल न लावताच डबीत ठेवल्या. मंगळवारी आण्णांनी डबी उघडली तर नव्वदच्या स्लिपवर माझा अंगठा, रेषान् रेषा मोजता येईल असा. तेव्हापासून डबीला कुलूप आहे आणि किल्ली त्यांच्या करदोट्याला.